पैठणचा दगड आणि अडवलेला घाट

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने एक पुस्तिका लिहिली. व्यापारी नसेल तर तांडेल असेल. त्याने स्वतःचं नाव कुठे लिहिलेलं नाही. तांबड्या समुद्रातून निघावं कधी, कुठल्या बंदरात काय खपतं, कुठे काय मिळतं, कुठे वाळूचे दांडे आहेत, कुठल्या राजापुढे कसला नजराणा ठेवावा, असा सगळा रोकडा मजकूर. आज ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. या माणसाने पैठण पाहिलं असेल असं वाटत नाही. पण बॅरिगाझाच्या, म्हणजे आपल्या भडोचच्या, बाजारात पैठणहून उतरलेला माल त्याला चांगला ठाऊक होता. तो सांगतो, बॅरिगाझापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. तगरहून कापड येतं. पैठणहून येतो दगड. पट्ट्यापट्ट्यांचा, ज्याला तो ऑनिक्स म्हणतो आणि आपल्याकडे अकीक किंवा सुलेमानी म्हणतात तो दगड. भरपूर, गाड्यांवर लादून, धड वाट नसलेल्या मोठ्या मुलखातून.

नकाशा समोर ठेवला की इथे खटकतं. पैठणपासून भडोच सरळ रेषेत मोजलं तरी साडेतीनशे किलोमीटर भरतं; कल्याण अडीचशेच्या आत. मध्ये सह्याद्री उभा आहे हे खरं, पण त्या सह्याद्रीत जुन्नरजवळ सातवाहनांनी नाणेघाट बांधून काढला होता, पायऱ्या आणि पाण्याच्या टाक्यांसकट. राजधानी पैठणची, घाट राजघराण्याचा, खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं. मग पैठणचा दगड वीस दिवस उत्तरेला कशाला जात होता?

त्याचं उत्तर त्याच पुस्तिकेत पुढच्या परिच्छेदात आहे. तिथे जाण्याआधी दगडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या कथेतला माल तोच आहे आणि तो आपल्या पायाखालचाच आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षं त्यातून सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिलं आणि पोकळीच्या भिंतीवर थर चढत गेले, आतल्या बाजूला, एकावर एक. अकीकावरचे पट्टे ते हेच. आजूबाजूचा काळा पाषाण उन्हापावसाने कुजून मुरूम होतो. ही गाठ मात्र कुजत नाही. मुरूम वाहून गेला की ती ओढ्याच्या पात्रात उघडी पडते. मराठवाड्यात विहीर खणताना, शेत नांगरताना, गोदावरीच्या वाळूत असे दगड सापडतात आणि आपण सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणून बाजूला टाकतो.

या दगडाची खाण म्हटली की डोळ्यांसमोर बोगदा येतो. भडोचजवळ रतनपूरच्या टेकड्यांत अकीकासाठी विहिरीसारखे खड्डे खरोखर खणत, आणि तिथल्या टेकडीवर बावा घोर या सिद्दी संताचा दर्गा आहे, ज्याला अकीकाच्या धंद्यातली माणसं आपला रक्षणकर्ता मानत आली. दख्खनच्या पठारावर मात्र खणायचं बरंचसं काम पाऊसच करत असे. रोमन लेखक प्लिनी याने ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. हिंदुस्थानात हा दगड डोंगरातल्या लोंढ्यांनी उघडा पडतो, तिथल्या लोकांना त्याचं काही अप्रूप नाही, त्याच्या मुठी करतात, सामान्य माणसंही मणी ओवून गळ्यात घालतात, आणि दगडाला भोक असलं तर तो हिंदुस्थानी समजावा, असं त्याच्या लिहिण्याचं तात्पर्य. रोममध्ये याच दगडाच्या मुद्रा करत, कारण मेणावर उमटवून उचलताना मेण त्याला चिकटत नाही. पट्ट्यांच्या दगडात वरचा पांढरा थर कोरून खालचा गडद थर पार्श्वभूमीला सोडायचा, अशी चेहऱ्यांची कोरीव पदकं सम्राटांच्या घरात होती. आपल्याकडची गारगोटी तिकडे राजमुद्रा झाली. दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स हिंदुस्थान गिळतो म्हणून प्लिनीने गळा काढला आहे, त्यात या दगडाचाही वाटा असणारच.

प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला. त्याच राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, घडण अस्सल हिंदुस्थानी. १९७३ साली देव आणि गुप्ते यांनी भोकरदनला उत्खनन केलं, तेव्हा तिच्याशी नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती तिथे निघाली. भोकरदन आज जालना जिल्ह्यात आहे. जुन्या औरंगाबाद जिल्ह्यातलंच गाव. दगड एकटा प्रवास करत नव्हता, एवढं त्यावरून दिसतं.

कच्चा अकीक बहुधा मळकट, राखाडी-पिवळा असतो. तो उन्हात वाळवायचा, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आगीत भाजायचा. आतल्या लोहाचा रंग बदलतो आणि दगड लाल होतो. आच जरा जास्त लागली तर तडकतो. मग ठोकून आकार, घासून गोलाई, आणि सगळ्यात नाजूक काम भोक पाडण्याचं. खंबायतचे कारागीर धनुष्याच्या दोरीने फिरणाऱ्या सामत्याला हिऱ्याच्या कण्या बसवून हे करतात. एका बाजूने अर्धं, मग मणी उलटवून दुसऱ्या बाजूने अर्धं. जुना मणी उजेडासमोर धरून भोकातून पाहिलं की मधोमध बारीकशी पायरी दिसते, दोन्हीकडून आलेली भोकं जिथे केसभर चुकून भेटली ती जागा. पैठण, तेर, भोकरदन, नेवासे, कुठेही सातवाहनकाळाचा थर खणला की मणी निघतात. तेरचा लामतुरे यांचा संग्रह ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता वाटांकडे. पैठणहून उत्तरेची वाट जुनी होती, पेरिप्लसच्या कितीतरी आधीची. सुत्तनिपातात बावरी नावाच्या ब्राह्मणाचे सोळा शिष्य गोदावरीकाठाहून बुद्धाला भेटायला निघतात, त्यांच्या मुक्कामांच्या यादीत पहिलं नाव पतिट्ठानचं, म्हणजे पैठणचं आहे. तिथून महिष्मती, उज्जयिनी, पुढे विदिशा. ही वाट सातमाळ्याच्या रांगेतून खानदेशात उतरत असणार, आणि त्या उताराच्या तोंडाशी पितळखोरं आहे.

पितळखोऱ्याची लेणी वेरूळ-अजिंठ्याच्या गर्दीतून सुटली आहेत आणि हे त्यांचं भाग्य आहे असं माझं मत. कन्नडहून गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या अंगाने जावं, वरून दरीत पायऱ्या उतराव्या, ओढा ओलांडावा, की समोर चौदा लेण्यांचा पट्टा येतो. खडक ठिसूळ, पुष्कळ पडझड झालेली. पण जोत्यावर ओळीने उभे हत्ती आहेत आणि खांबांवर देणगीदारांची नावं आहेत. त्यात पतिठाणचा मितदेव नावाचा गंधिक, म्हणजे अत्तर-सुगंधांचा व्यापारी. पतिठाणच्याच संघकाचे मुलगे. मगिल नावाच्या राजवैद्याचं घर. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतली ही माणसं. पैठणच्या अत्तरवाल्याने चार-पाच मुक्कामांवरच्या दरीत एक खांब का द्यावा? त्याच्या धंद्याची वाट तिथून जात होती म्हणून, असं मानलं तर फारसं चुकणार नाही. पुण्य जोडावं ते वाटेवर, जिथे आपलीच माणसं मुक्कामाला थांबतात.

या लेण्यांच्या आवारात एक यक्ष सापडला, बुटका, पोट सुटलेला, हसरा, डोक्यावर तसराळं धरलेला. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या तळहाताच्या मागे कोरलंय की कण्हदास सोनाराने हा केला. गळ्यातले दागिने पाहिले की पटतं. दगड कोरणारा इतका बारकाईने दागिना घडवत नाही, सोनार घडवतो.

तर उत्तरेची वाट होतीच. प्रश्न पश्चिमेच्या वाटेचा आहे.

नाणेघाट हा सह्याद्रीच्या कड्याला पडलेला एक अरुंद नळ. पायथ्याला कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावरचं वैशाखरे, माथ्याला घाटघर आणि जीवधन किल्ला. शेजारी वानरलिंगीचा सुळका आणि कोकणावर पुढे आलेला नानाचा अंगठा. माथ्याच्या जरा खाली एक कोरीव गुहा आहे, आणि तिच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत नागनिका या सातवाहन राणीचा लेख. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपालांना वंदन करून तो सुरू होतो आणि मग यज्ञांची यादी लागते: अश्वमेध, राजसूय आणि इतर कितीतरी. प्रत्येकाची दक्षिणा आकड्यात. कुठे १,७०० गाई आणि दहा हत्ती, कुठे १०,००१ गाई, कुठे २४,४०० कार्षापण. भारतातल्या अंकलेखनाचे जे सर्वांत जुने पुरावे आहेत त्यांत हा लेख मोडतो. गणिताच्या इतिहासकारांना यज्ञांपेक्षा या दक्षिणेत जास्त रस असतो. समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे नागनिकाच) आणि राजा श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. आज वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा, मधलं सगळं गेलेलं. सातवाहनांचा पहिला राजा कसा दिसत होता हे ज्या एका ठिकाणी कळलं असतं, तिथे त्याचे पाय तेवढे उरले.

घाटाच्या तोंडाशी घराण्याच्या मूर्ती उभ्या करण्यामागचा हेतू उघड आहे. कोकणातून चढून दमलेला लमाण असो की परदेशी व्यापारी, पठारावर पाऊल ठेवण्याआधी त्याला कळावं, इथून पुढे राज्य कोणाचं.

माथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, दिवसाकाठी तो भरे, असं प्रत्येक वाटाड्या सांगतो आणि प्रत्येक सहलीचा गट त्यात डोकावून फोटो काढतो. मला ही गोष्ट तितकीशी पटत नाही. जकात वसूल करायला हिशेबनीस लागतो, शिपाई लागतात, मालाची मोजदाद लागते. रस्त्याकडेला उघडा रांजण ठेवून चालत नाही. नागनिकेच्या लेखाचा जेवढा भाग वाचता येतो त्यात जकातीबद्दल अक्षर नाही. घाटात कर घेत असतील याबद्दल शंका नको, इतका खर्च करून घाट राखणारा राजा तो सोडेल कशाला. पण रांजणाच्या गळ्यात पडलेली ही कथा सांगायला सोपी आहे म्हणून टिकली आहे.

याच घाटाबद्दल, म्हणजे त्याच्या पायथ्याच्या बंदराबद्दल, पेरिप्लसचा लेखक बावन्नाव्या परिच्छेदात लिहितो. कल्याण हे थोरल्या सॅरॅगनसच्या काळात रीतसर बाजाराचं बंदर होतं. सॅरॅगनस म्हणजे कुणीतरी सातकर्णी. पण सँडेनीसच्या ताब्यात आल्यापासून तिथे फार अडवणूक चालते. एखादं ग्रीक जहाज चुकून जरी त्या बंदराला लागलं तरी पहाऱ्यात बॅरिगाझाला नेलं जातं.

सँडेनीस कोण यावर अभ्यासक अजून भांडतात. बॅरिगाझाचा राजा मात्र त्याच पुस्तिकेत आहे आणि तो बहुतेकांच्या मते क्षहरात क्षत्रप नहपान. आता त्याच्या बंदराची अवस्था पाहा. खंबायतच्या आखातात भरती अशी धावून येते की नांगरावरची जहाजं आडवी होतात, नदीच्या तोंडाशी गाळाचे दांडे, म्हणून राजाच्या नोकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढे जात आणि परक्या जहाजांना ओढत आत आणत. हे सगळं पेरिप्लसमध्ये आहे. कल्याणची खाडी याहून कितीतरी सोयीची. म्हणजे अवघड बंदर चालतं ठेवायचं तर सोपं बंदर बंद करणं भाग होतं, आणि ते बंद केलं गेलं.

नुसत्या दंडुक्याने व्यापार वळत नाही हे क्षहरातांना कळत असावं. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, आपल्या पांडवलेण्यांत, एक मोठं लेणं खोदवलं आणि त्यात आपल्या दानांची यादी कोरली. पुष्करला तीन हजार गाई, ब्राह्मणांना गावं, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेवीचे कार्षापण, एकीवर महिना शेकडा एक व्याज, दुसरीवर पाऊण. त्या व्याजातून भिक्खूंची वस्त्रं. बँकेच्या इतिहासावर बोलणारे हा लेख नेहमी काढतात. मला त्यातल्या दुसऱ्या दोन कलमांचं जास्त वाटतं. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग म्हणजे सोपारा इथे त्याने उतारूंसाठी निवारे बांधले. आणि इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर फुकट नावा चालू केल्या. ही नावं आजही ओळखू येतात. पार नदी, दमणगंगा, तापी, डहाणूची खाडी. सोपाऱ्याहून किनाऱ्याने भडोचला जायला निघालं की वाटेत आडव्या येतात त्या याच नद्या.

लेखात हेतू म्हणून पुण्यच लिहिलेलं आहे, आणि पुण्य तर होतंच. पण कल्याणला पहारा आणि भडोचच्या वाटेवर नावाड्याला पैसे नाहीत, ही जोडी योगायोगाने जमली असेल असं मानायला मी तयार नाही.

पठारावरही तीच पकड होती. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, शेहेचाळिसाव्या वर्षाचा. त्याने तिथे मंडप आणि पाण्याचं टाकं दिलं. नहपानाचा अमात्य जुन्नरला बसला, याचा अर्थ नाणेघाटाचं वरचं तोंडही गेलं होतं. घाटात सातवाहन राजांच्या मूर्ती उभ्या, त्यांची नावं भिंतीवर ठळक, आणि घाटाच्या दोन्ही टोकांना शत्रूची माणसं. पैठणच्या मणीवाल्याने काय करावं? त्याने बैल उत्तरेला जुंपले. रस्ता लांब, गाड्यांची चाकं मोडणारा, आणि भडोचला पोहोचल्यावर त्याच राजाला कर. बदल्यात तिथे इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळं आणि सोन्याचांदीची नाणी उतरत होती. मुद्दाम राजासाठी म्हणून गाणारी मुलं आणि चांदीची भांडीही. म्हणजे सातवाहनांच्या राजधानीतला दगड शत्रूची तिजोरी भरत होता. वीस दिवसांच्या वाटेचा अर्थ हा होता.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने हे उलटवलं. त्याच्या लढाईचं वर्णन कुठल्या बखरीत नाही. पण नाशिकच्याच डोंगरात, उषवदाताच्या लेण्यापासून हाकेच्या अंतरावर, त्याचा अठराव्या वर्षाचा हुकूम आहे: कखडी गावातलं आजवर उषवदाताकडे असलेलं शेत आता भिक्खूंना दिलं आहे. जिंकलेल्या माणसाने पहिल्यांदा सातबारा बदलावा तसं हे. त्याच्या मागे त्याची आई गौतमी बलश्री हिने कोरवलेला लेख अधिक वाजतगाजत बोलतो. क्षहरात वंश निर्मूल केला, सह्य आणि विंध्यापासूनच्या डोंगरांचा तो धनी, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं ती मुलाबद्दल सांगते. तीन समुद्र सोडून देऊ. एक पश्चिम समुद्र परत मिळाला, तेवढ्यानेच पैठणचं भागणार होतं.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे जमिनीत चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. तेरा हजारांच्या वर नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा मारलेला. नाणं हातात घेऊन पाहावं असं आहे. एका बाजूला नहपानाचा चेहरा, सभोवती ग्रीक अक्षरं. त्याच्या गालावर-कपाळावर तीन कमानींचा डोंगर ठोकलेला. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह. खालचा चेहरा पुरता पुसलेला नाही, नाक आणि ओठ डोंगराच्या आडून दिसतात. नाणी वितळवून नवी पाडता आली असती. तसं केलं नाही, याला वेळ वाचवणं हे कारण असेलही. पण ज्याच्या हातात ते नाणं पडे त्याला निकाल वाचता येत होता, अक्षरओळख नसली तरी.

घाट पुन्हा चालता झाला, त्याचा पुरावा नाणेघाटातच आहे, आणि तो राजांचा नाही. वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णीच्या तेराव्या वर्षी कामवणच्या दामघोष नावाच्या गृहस्थाने तिथे पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, खोदवलं, अशी नोंद आहे. आणखी एका टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचं नाव आहे. यज्ञात दहा हजार गाई देणाऱ्या राणीपेक्षा मला हे दोघे जवळचे वाटतात. भर उन्हात बैलांबरोबर चढण चढून आलेल्या माणसालाच माथ्यावर कशाची गरज आहे हे नेमकं कळतं. याच शतकांत कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावं दाटीने दिसू लागतात. बंदराच्या हातात पुन्हा पैसा खेळू लागल्याची ती खूण.

पुढची दीड हजार वर्षं झरझर जातात. रोमचा व्यापार ओसरला, सातवाहन गेले, पैठण राजधानीचं संतांचं गाव झालं. नाणेघाट मात्र बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांसाठी चालू राहिला. १८२८ साली मुंबई सरकारचा कर्नल विल्यम साइक्स तिथे पोहोचला. हा माणूस मूळचा आकडेवारीवाला. दख्खनची शेतं, पिकं, पाऊस, पक्षी, काय दिसेल ते मोजत फिरायचा. आपल्या माळरानावरच्या एका चंडोलाला अजून त्याचं नाव आहे. त्याने गुहेतली अक्षरं उतरवून घेतली आणि १८३७ साली छापली, पण त्याला ती वाचता येत नव्हती. ती वाचण्याचं खरं काम केलं भगवानलाल इंद्रजींनी. जुनागढहून मुंबईला भाऊ दाजींकडे आलेला हा विद्वान. त्याने घाटातले अंक सोडवले, राजांच्या नावांच्या पाट्या लावल्या, आणि त्याच्या ठशांवरून ब्यूलरने १८८३ मध्ये पाठ प्रसिद्ध केला. मराठीत हे सगळं नीट मिळावं अशी सोय वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरच्या ग्रंथात करून ठेवली आहे.

तोवर घाटाचा धंदा बसला होता. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथूनच रेल्वे वर चढली, १८६५ मध्ये थळघाटातून. डोंगर तसाच उभा होता, पायऱ्याही तशाच. माल दुसरीकडून जाऊ लागला, एवढंच. नहपानाने पहाऱ्याने जे केलं ते रेल्वेने भाड्याच्या दराने केलं.

आज नाणेघाटाला पावसाळ्यात शनिवार-रविवारी जायचं तर गर्दीची तयारी ठेवावी. जुन्नरकडून डांबरी रस्ता थेट माथ्याला येतो, त्यामुळे बहुतेक जण गाडीतून उतरतात, वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहतात, रांजणात डोकावतात, भजी खातात आणि परततात. घाट त्यांनी पाहिलेलाच नसतो. संभाजीनगरहून जाणाऱ्यांना हाच रस्ता सोयीचा पडतो, हे कबूल. तरी एकदा माळशेजने खाली उतरून वैशाखऱ्यापासून चढावं. आधी सपाट रान, मग सागाची झाडी, मग चढ अंगावर येतो आणि शेवटी दोन कड्यांमधला नळ. झिजलेल्या दगडी पायऱ्या, काही ठिकाणी इतक्या उंच की पाठीवर ओझं असलेलं जनावर इथून कसं चढत असेल असा प्रश्न पडावा. गाड्या इथून जाणं शक्यच नव्हतं. जुन्नरपर्यंत गाडी आणि पुढे बैल किंवा गाढव, अशीच व्यवस्था असणार. पेरिप्लसवाल्याने पैठणच्या दगडासाठी गाड्याच लिहिल्या आहेत, बैलांच्या पाठी नव्हेत. तो दगड या पायऱ्यांवरून येत नव्हता, याचा हा आणखी एक दाखला.

आणि पितळखोऱ्याला जायचं तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. ओढ्याला पाणी असतं पण पाय ठेवायला दगड दिसतात. अभयारण्य आहे, तेव्हा गारगोट्या उचलून पिशवीत भरायच्या नाहीत, पाहून ठेवून द्यायच्या. पट्टे पाहायचे तर दगड ओला करावा लागतो.